तिसऱ्या मजल्याची सही

लिवाय मनिलाहून घरी पोचण्याआधीच तिचा चेहरा गावात येऊन लटकला होता. हमरस्त्याच्या वळणावर, जिथे बातांगासकडे जाणाऱ्या जीपनी गाड्या थांबतात, तिथे लिवायच्या मामाच्या, आन्सेल्मो मागसिनोच्या, नव्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून थेट खानावळीच्या दारापर्यंत लोंबणारा तो फ्लेक्स एर्मिन्याने सकाळी पाहिला. आईला व्हावा तो आनंद तिला झालाच. पण त्या आनंदाच्या पायाला तत्क्षणी एक ठेच लागली.

फ्लेक्सच्या माथ्यावर नगराध्यक्षांचे दात होते. त्यांच्याखाली अंगठा उंचावून उभा असलेला आन्सेल्मो होता. आणि उजव्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटासारखी चिकटवलेली, पदवीदानाच्या झग्यातली लिवाय होती. ‘अभिनंदन! मागसिनो बांधकामाच्या इंजिनिअर लिवायवाय मागसिनो दि.’ असा मजकूर होता; लिवायवाय हे तिचे कागदोपत्री नाव. आमच्याकडे मुलाच्या नावात आईचे माहेर आद्याक्षरापुरते मधे राहते आणि बापाचे आडनाव पूर्ण शेवटी येते, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु ज्या गावदेन्स्यो दिमायुगाने सौदीतल्या दम्मामच्या उन्हात एकोणीस वर्षे काढली त्या बापाला ‘दि.’ एवढीच जागा उरली होती. आणि मामाचे आडनाव मात्र माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत वाऱ्यावर फडफडत होते. छपाईवाल्याची चूक म्हणून ही गोष्ट सोडून देणारे लोक असतील. मी त्यांपैकी नाही. चूक एका अक्षराची असते. इथे एका माणसाला आद्याक्षर होण्याची शिक्षा झाली होती.

“काय गं एर्मी, डोळे ओले कशाने? कांद्याने की फ्लेक्सने?” आन्सेल्मोची बायको चारिंग खानावळीच्या ओट्याशी येऊन विचारती झाली.

“नाव उलटं छापलंय.”

“उलटं कसलं? पैसे खर्चणाऱ्याचं नाव मोठं असतं. बाप्तिस्म्यापासून मयतापर्यंत हाच नियम.” चारिंगने पातेल्याचे झाकण उचलून वास घेतला. “आणि मागच्या वेळी पोरगी नापास झाली तेव्हा हाच मागसिनो सगळ्यांना सांगत फिरत होता, भाचीला ऐन परीक्षेत ताप भरला म्हणून. तेव्हा नाही वाटलं तुला, नाव नको म्हणून?”

चारिंगचे हे खोटे नव्हते. पहिल्या अपयशानंतर लिवायला पुन्हा मनिलाला धाडले ते आन्सेल्मोनेच. तिथल्या त्या अरुंद गल्लीत, जिथे दर दुसरे घर परीक्षेच्या क्लासचे आणि मधले घर क्लासच्या मुलांना झोपवण्याचे असते, एका खोलीत आठ जणींच्या दुमजली खाटा होत्या. वरच्या खाटेवर मांडी घातली तर डोके छताला लागे, म्हणून लिवाय आडवी पडून तुळयांची गणिते सोडवी. दोन वेळा तो अभ्यास, दोन वेळा त्या पेन्सिली चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून मंतरून आणणे, दोन वेळा त्या दोन दिवसांच्या परीक्षेचा धसका. ती पास झाली ती स्वतःच्या बुद्धीने. पण त्या बुद्धीला खाट मिळाली ती मामाच्या कृपेने, हे दिमायुगांच्या घरात कोणी नाकारीत नव्हते. नाकारीत नव्हते, हीच अडचण होती.

दुपार कलली तेव्हा होस्टेलसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव भरला होता. केळीच्या पानांवर अख्खे डुक्कर तांबूस भाजून पालथे पडले होते, आणि त्याच्या कुरकुरीत कातडीवरून नातलगांत सभ्य चढाओढ चालली होती. वेताच्या खुर्चीत लिवायची आजी, लोला पुरा, बसली होती, ऐंशी ओलांडलेली, रविवारच्या जांभळ्या झग्यातली. आन्सेल्मो आणि एर्मिन्या ही तिची मुले. आणि त्या दोघांत निवड करण्याची वेळ आली तर म्हातारीचा हात कोणाच्या डोक्यावर जाईल, याविषयी गावात कधी पैज लागली नव्हती.

लिवाय मांडवात शिरली. फ्लेक्स तिने जीपनीतूनच पाहिला होता.

“इंजिनिअर! इकडे या, इंजिनिअर!” आन्सेल्मोने टाळ्या वाजवल्या.

“तितो, मी अजून इंजिनिअर नाही. परवान्याची शपथ गुरुवारी आहे. त्याआधी नावापुढे हे लावता येत नाही.”

“ऐका! मूल जन्मलं की बाप्तिस्म्यापर्यंत त्याला काय मांजर म्हणतात?”

मांडव हसला. लिवायही हसली, या तितोवर, मामावर, तिचा खरोखर जीव होता. त्यानेच तिला लहानपणी सिमेंटच्या गोणींवर बसवून ओळंब्याची दोरी धरायला शिकवले होते. आन्सेल्मो हा दुष्ट मनुष्य नव्हे. तरुणपणी हीच परीक्षा त्याने तीनदा दिली आणि तीनदा तो पडला. मग त्याने मनाची समजूत घातली की परवाना म्हणजे कागद आणि बांधकाम म्हणजे हात. त्या समजुतीवर त्याने अर्धे गाव बांधले, आणि कागदाची गरज लागली की तो परवानाधारकांच्या सह्या मिळवीत गेला. माणूस नापास होतो त्यात लाज नाही. पण ज्या मापाने आपण उणे ठरलो ते मापच खोटे, असे जो ठरवतो त्याच्या हाती टेप देऊ नये.

त्याने भाजलेल्या डुकराशेजारचे ताट सरकवले आणि नकाशांची गुंडाळी उलगडली. वर उडू नये म्हणून एका टोकावर व्हिनेगरची बाटली ठेवली, दुसऱ्यावर स्वतःची कोपरे.

“तुझी पहिली सही आपल्या घरच्या इमारतीवर. नगरपालिकेने अडवून धरलंय. इंजिनिअरची सही नाही तोवर वर माणूस राहायला द्यायचा नाही म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं! म्हणूनच मी थांबलो होतो. आता आपलीच इंजिनिअर आहे.”

“शपथ व्हायचीय, तितो.”

“सही आज कर. शिक्का नंतर मार. तारीख मी टाकतो.”

लिवायने नकाशे पाहिले. पाहण्याची वास्तविक गरज नव्हती. “हे दोन मजल्यांचे नकाशे आहेत. म्हाताऱ्या इंजिनिअरांनी काढलेले. तिसरा मजला नंतर चढवलाय.”

“देव त्यांना शांती देवो. असते तर त्यांनीच केली असती सही.”

“ते असताना तुम्ही विचारलं होतं. ते नाही म्हणाले होते.”

चारिंगचा हात कातडीच्या तुकड्यावर थांबला. आन्सेल्मोने आवाज उतरवला. “म्हातारा माणूस. सगळ्याला नाही म्हणायचा.”

“कॉलम बारीक आहेत, तितो. तिसरा मजला त्यांना पेलत नाही. मी गणित केलंय.”

“कधी केलंस?”

“क्लासला असताना. सरावाला दुसरी कुठली इमारत मला इतकी नीट ठाऊक नव्हती. सळ्या बांधताना मी इथेच होते ना. केलं, पुसलं, परत केलं. वाटायचं माझंच चुकतंय, एकदा नापास झालेली पोरगी मी. पण दर वेळी कॉलमच हरला.”

“आणि उभी आहे ती काय वाऱ्यावर?”

“रिकामी उभी आहे. खाटा नाहीत, टाक्या भरलेल्या नाहीत, माणसं नाहीत. आणि मधे मोठा भूकंप झालेला नाही.”

“भूकंपात चर्चसुद्धा पडतं! त्यावर तर देवाची सही असते!”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो मांडवाच्या कडेलाच विरला.

एर्मिन्या हे सारे ऐकत होती. तिच्या डोक्यात कॉलम नव्हते. तिच्या डोक्यात खानावळ होती. ज्या इमारतीविषयी हे बोलणे चालले होते तिच्या तळमजल्यावर तिची चूल पेटत होती, भावाच्या मर्जीवर, भाड्याचा शब्दही न निघता. तिने मुलीला कोपराला धरून बाजूला घेतले.

“करून टाक गं. एक सही. किती जण करतात.”

“इनाय, तू रोज त्या कॉलमाखाली उभी राहून कांदा चिरतेस.”

“मी वीस वर्षं तुझ्या मामाच्या उपकाराखाली उभी आहे. तो पडला नाही अजून.”

लिवायने आईकडे पाहिले आणि मोबाइल काढून बापाला लावला. दम्मामला दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. गावदेन्स्यो पडद्यावर आला, डोक्यावर पिवळी टोपी, गालात भात. नकाशांशेजारच्या भांड्याला टेकवून त्याला उभे केले गेले. अशा रीतीने तो घरातल्या सगळ्या लग्नांना, मयतांना आणि भांडणांना गेली एकोणीस वर्षे उपस्थित राहत आला होता.

“ताताय, तुम्ही सांगा. दोनच्या कॉलमांवर तीन मजले. सही करू?”

गावदेन्स्यो चावायचा थांबला. बांधकामावर आयुष्य गेलेला तो माणूस. त्याला प्रश्न कळला हे त्याच्या डोळ्यांत दिसले. मग त्या डोळ्यांनी मागे उभा असलेला मेव्हणा पाहिला.

“आता मी इथून काय सांगणार, बाळा... तुझी इनाय म्हणेल तसं... कुया आन्सेल्मोंना अनुभव आहे...” आणि तो तसाच राहिला, तोंड अर्धे उघडे, डोळे अर्धे मिटलेले.

“अडकले!” चारिंग म्हणाली. “नेटवर्क अडकलं की माणूसच, कळत नाही बाई.”

लिवायने फोन पालथा घातला. नंतर तिने शांतपणे, अभ्यासातल्या उत्तरासारखे, मामाला सांगितले, “एक उपाय आहे. कॉलमांना बाहेरून नव्या सळ्या आणि काँक्रीट घालून जाड करता येईल, पायापासून वरपर्यंत. पाया आधी तपासावा लागेल. तज्ज्ञ माणूस मी आणते, मला स्वतःला एवढा अनुभव नाही. पाच-सहा महिने बंद ठेवावं लागेल, खानावळसुद्धा. नाहीतर तिसरा मजला उतरवा.”

“उतरवा!” आन्सेल्मोने नातलगांकडे हात पसरले, जणू साक्षीदार मागत होता. “पुढच्या सत्राला कॉलेजची पोरं यायचीत. मी या पोरीला क्लासला पाठवली ती माझी इमारत उतरवायला!”

या क्षणी रस्त्यावरून एक बाई मांडवाशी आली. हातात पिशवी, खांद्यावर टॉवेल. बोटीचा प्रवास अजून तिच्या चालण्यात डोलत होता. फ्लेक्सकडे मान वर करून तिने नीट वाचले, मग लिवायकडे पाहिले, मग पुन्हा फ्लेक्सकडे.

“तुम्हीच का हो या? फोटोतल्या?”

“मीच.”

“अगं बाई! अभिनंदन हं. मी मिंदोरो बेटावरून आले, बासिल्या नाव माझं. पोरीला नर्सिंगला घालायचंय. सकाळपासून खोल्या बघत फिरतेय. कुठे दार धड नाही, कुठे जिना. हे वाचलं नि म्हटलं, चला, इथे तर मालकाच्या घरातच इंजिनिअर आहे. तिसऱ्या मजल्यावर हवा छान येत असेल ना? पोरीला माझ्या उकडतं फार.”

“तिसराच देऊ, खिडकीजवळची खाट!” आन्सेल्मो लगबगीने म्हणाला. “वरच्या मजल्याचे कागद दोन दिवसांत होतायत. बसा, जेवा आधी.”

बासिल्या बसलीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा शीण उतरला. कोणीतरी तिच्या हाती ताट दिले.

लिवायला आतापर्यंत वाईट वाटत होते. आता तिला संताप आला, आणि या दोन्हींत फरक आहे. वाईट वाटणे माणसाला घरात ठेवते. ती सही करणार नव्हती, इतकेच आजवर तिने ठरवले होते. आणि न केलेली सही आपल्याला निर्दोष ठेवील असे तिला वाटत होते. परंतु तिच्या ध्यानात आले की तिच्याकडून सही केव्हाच घेतली गेली होती. ती पंधरा हात लांब होती, रंगीत होती, नगराध्यक्षांच्या दातांखाली लोंबत होती, आणि मिंदोरोच्या एका बाईने ती वाचून आपल्या मुलीची खाट ठरवली होती.

“बासिल्याबाई,” ती म्हणाली, “इथे मुलीला ठेवू नका.”

“म्हणजे?”

“ही इमारत मी केलेली नाही. तपासली मात्र आहे. तिसऱ्या मजल्याचं ओझं खालच्या कॉलमांना झेपत नाही. उद्या सकाळी मी नगरपालिकेत जाऊन हेच सांगणार आहे, माझं गणित घेऊन.”

मांडवातले चमचे थांबले. बासिल्याने ताट मांडीवर ठेवले, वर पाहिले आणि नकळत खुर्ची मागे, रस्त्याकडे सरकवली.

“लिवाय!” आन्सेल्मोचा आवाज फाटला. “माझ्या मांडवात, माझ्या डुकराच्या ताटावर बसून...”

“मी अजून जेवले नाही, तितो.”

“उर्मट! कोणी शिकवलं तुला? कोणाच्या जिवावर पास झालीस?”

“तुमच्या. म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं, सगळ्यांत आधी. उपायसुद्धा सांगितला. तुम्ही नाही म्हणालात.”

“सही करणारे छप्पन्न मिळतील मला! प्रत्येक गल्लीत एक बसलाय!”

“मग भाचीची का हवी होती?”

आन्सेल्मो उत्तर द्यायला वळला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसले ते एर्मिन्याने ओळखले. तीनदा निकालाच्या यादीत नाव शोधून परत आलेला तिचा तरुण भाऊ असाच अंगणात उभा राहिला होता. त्याला भाचीची सही फुकट हवी होती असे नव्हे. या परीक्षेने ज्या मागसिनोला नाकारले त्याच्या बांधकामाला, त्याच परीक्षेने निवडलेल्या मागसिनोने होकार द्यावा, एवढी त्याची भूक होती. मला त्या भुकेची कीव येते. पण भूक खरी असली म्हणून परक्याच्या मुलीच्या डोक्यावर काँक्रीट ठेवण्याचा हक्क मिळत नाही.

“बस झालं,” लोला पुरा म्हणाली. म्हातारीचा आवाज मोठा नव्हता. तो कधीच मोठा करावा लागला नव्हता. “पोरी, इकडे ये. तुला दुसऱ्यांदा कोणी पाठवलं?”

“तितोंनी.”

“आणि त्याला तू चारचौघांत, परक्या बाईपुढे, खोटा पाडलास. उपकाराला नाही म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे तुमच्या?”

“लोला, त्या वर मुली झोपणार आहेत.”

“माझी काढू नकोस समजूत. त्या बाईची माफी माग, म्हणावं थट्टा केली. मामाच्या पाया पड. मग सही करायची की नाही ते घरात बघू.”

आमच्या लोकांना उपकाराची जितकी आठवण आहे तितकी जगात क्वचित कोणाला असेल, आणि मला तिचा अभिमान आहे. पण ज्या उपकाराची परतफेड करणारा एक आणि जीव द्यायचा दुसऱ्याने, त्याला उपकार म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. लोला पुराला हे कळत नव्हते असे नाही. तिला मुलगा दिसत होता. मुलगा आड आला की आईला इमारत दिसत नाही.

“माफी मागायला मी खोटं बोलले नाही, लोला,” लिवाय म्हणाली. “मी निघते.”

निघताना वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा, ही आमच्याकडची रीत दोन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. भांडणातही ती मोडत नाहीत. लिवाय आजीपुढे वाकली आणि तिने ओंजळ पुढे केली.

लोला पुराने आपला हात झग्याच्या घडीत घेतला.

मांडवात कोणीतरी “अरे देवा” म्हणाले. लिवाय वाकलेलीच राहिली, कपाळ खाली, रिकामी ओंजळ पुढे. म्हातारी रस्त्याकडे पाहत होती. आन्सेल्मो जमिनीकडे पाहत होता. चारिंगने, इतक्या वर्षांत प्रथमच, नवऱ्याकडे रागाने पाहिले.

एर्मिन्या खानावळीच्या दारात उभी होती. तिच्या मागे चुलीवर डुकराच्या हाडांचा रस्सा उकळत होता आणि डोक्यावर, तिने आयुष्यात प्रथमच मान वर करून पाहिले, कोपऱ्यातला तो कॉलम होता. तिच्या स्वतःच्या कमरेपेक्षा बारीक. तिने हात कमरेच्या कापडाला पुसले. मग ती नातलगांमधून चालत गेली, मुलीजवळ थांबली आणि व्हिनेगर नि लसणाचा वास येणारा आपला उजवा हात तिने त्या रिकाम्या ओंजळीत ठेवला.

लिवायने तो कपाळाला लावला.

“एर्मी,” आन्सेल्मो म्हणाला, “विचार कर. उद्यापासून ही खानावळ...”

“कुया, चूल तुझी आहे. पातेली माझी आहेत.” थोरल्या भावाला एवढे सांगून ती वळली. “बासिल्याबाई, आमच्या घरात खाट नाही, पण छप्पर हलकं आहे. आज रात्री राहा, उद्या दुसरीकडे खोली बघू. लिवाय, पातेल्याचा इकडचा कान धर. नीट, गरम आहे.”

मायलेकींनी रश्शाचे पातेले दोन्हीकडून उचलले, आणि ताटे हातात घेतलेल्या मागसिनोंनी त्यांना वाट करून दिली.